गहिनीचा वानवळा

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव गहिनीनाथ. सगळे गहिनी म्हणत.

भोळा म्हणजे वेडा नव्हे. वेडा माणूस कुणाचं ऐकत नाही. गहिनी ऐकायचा. जे सांगितलं ते अगदी तसंच करायचा, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

एकदा भर पावसात त्याची बायको कौतिका शेजारी निघाली. म्हणाली, "दार लावून घ्या. मी आलेच." त्यानं दार लावलं. ती आली, तिनं कडी वाजवली.

"कोण हाय?"

"आवं, मी."

"मी कोण?"

"कौतिका!"

"कौतिका बाहेर गेलीय," गहिनी आतून म्हणाला. "तिनं दार लावून घ्यायला सांगितलंय."

अर्धा पाऊस तिनं वळचणीखाली काढला. पण तिनं त्याला टाकलं नाही. ती म्हणायची, "माझा मालक खोटं बोलत न्हाई. त्येवढं तरी कुणाच्या घरी हाय?"

दर वर्षी दिवाळी सरली की मुकादमाची गाडी गावात यायची आणि नवरा-बायकोच्या जोड्या भरून ऊसतोडीला न्यायची. गहिनी-कौतिकाही जायची. उन्हाळ्यापर्यंत परक्या रानात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात राहायचं. कौतिकानं आपल्या घरावर वालाचा वेल चढवला होता. वेलाला शेंगा लागायच्या तेव्हा ती दूर कुठंतरी ऊस तोडत असायची. शेंगा शेजारीण खायची. वर सांगायची, "गोड होत्या हो."

त्या वर्षी पंचायतीची दिवाबत्ती, झाडलोट बघणारा जुना माणूस म्हातारा होऊन घरी बसला. कौतिका तडक सरपंचांकडं गेली. सरपंच म्हणजे शहादेवतात्या.

"तात्या, माझ्या मालकाला ठिवून घ्या."

"गहिन्याला?" तात्यांनी डोळे मिटले. मग उघडले. "बघ कौतिके, तालुक्याहून समिती यायचीय. कोणतं गाव झाडापाण्याची, हवेची काळजी घेतं, ते बघायला. त्या दिवसापर्यंत ठेवून बघतो. नीट वागला तर कायम. न्हाईतर मुकादमाची गाडी हायच."

कौतिका घरी आली आणि गहिनीसमोर बसली. "ह्या वर्षी मला कोपीत झोपायचं न्हाई. तात्या सांगतील ते करा. तेवढंच करा."

"तेवढंच करतो," गहिनी म्हणाला.

तात्यांनी शाळेच्या भिंतीवर नियम रंगवून घेतले. खोलीतून निघताना दिवा बंद करा. पाणी वाया घालवू नका. बाजाराला कापडी पिशवी न्या. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा.

मग सभा झाली. लोकांनी नियम ऐकले. "एवढंच? हे तर सोपं हाय," लोक म्हणाले. टाळ्या वाजवल्या आणि सगळे घरी गेले. सभेच्या खोलीतले दिवे चालूच राहिले. पंखेही.

तात्यांनी गहिनीला बोलावलं. "बघितलंस? माणसं अशी असतात. तू तसं करू नको. जो निघाला त्यानं बटण दाबायचं. ध्यानात राहील?"

गहिनी ते वाटभर घोकत घरी गेला. जो निघाला त्यानं बटण दाबायचं. जो निघाला त्यानं बटण दाबायचं.

त्याच संध्याकाळी देवळात भजन होतं. गहिनी मागं बसला होता. भजन रंगात आलं आणि गहिनीला भूक लागली. तो उठला, दारापाशी आला. निघाला होता, म्हणून त्यानं बटण दाबलं.

गुडुप अंधार झाला. मृदंगवाल्याची थाप पेटीवाल्याच्या डोक्यावर पडली. टाळ कुणाच्या तरी पायावर पडला. विठ्ठलाचं नाव घेणारी तोंडं दुसरंच काही बोलू लागली.

"आरं, आत माणसं बसलेली दिसली न्हाईत का तुला?" तात्या ओरडले.

"दिसली की."

"मग? जिथं माणसं असतील तिथं काही बंद करायचं न्हाई!"

कौतिकानं रात्री भाकरी वाढताना विचारलं, "आज काय शिकलात?"

"माणसं असतील तिथं बंद करायचं न्हाई."

"बरोबर हाय," कौतिका म्हणाली. तिला ते बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनी नळावर गेला. नळ धो धो चालू होता. खाली भांडं नव्हतं. दोन म्हाताऱ्या घागरी भरून बाजूला ठेवून बोलत बसल्या होत्या. गहिनीनं नळाकडं हात नेला. मग म्हाताऱ्यांकडं बघितलं. माणसं होती. त्यानं हात मागं घेतला आणि तो उभा राहिला.

म्हाताऱ्यांना वाटलं, याला ऐकायचंय. मग त्यांनी सुनेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सून कशी आली, काय बोलली, दुधाचं भांडं कुठं लपवते. ऐकायला आणखी दोघी आल्या. गहिनी उभाच. मधून मधून म्हणायचा, "मावशी, तुम्ही उठणार कवा?"

"बस रं, खरी गंमत पुढंच हाय."

खरी गंमत संपली तेव्हा गावची टाकीही संपली होती. नळातून फुसकन हवा आली.

तात्या अर्ध्या अंघोळीवरून उठून आले होते. कानात साबण तसाच होता. "माणसं काय बघतोस? भांडं बघ, भांडं! भांडं भरलं की बंद करायचं. भरल्यावर क्षणभर चालू ठेवायचं न्हाई. मग आत कोण का असंना!"

गहिनीनं घोकलं. भरलं की बंद. मग आत कोण का असंना.

पारापाशी सकाळची एसटी उभी होती. ती रोज तिथं उभी राहायची, आणि ड्रायव्हर चहाला जायचा. गाडी मात्र चालूच ठेवायचा. मागून काळा धूर निघायचा आणि पाराच्या पिंपळाची खालची पानं काळी व्हायची. त्या दिवशी तालुक्याचा बाजार. गाडी खचाखच भरली होती. पायरीवर माणसं, मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर कोंबड्या.

गहिनीनं आत डोकावून बघितलं. "भरली का?"

"भरली, बाबा, भरली! आता मुंगीसुद्धा मावणार न्हाई," आतून आवाज आला.

गहिनी चढून ड्रायव्हरच्या बाजूला गेला आणि त्यानं गाडी बंद केली.

ड्रायव्हर बशी हातात घेऊनच पळत आला. "कुणी बंद केली? आरं देवा! ही एकदा झोपली की उठत न्हाई! म्हणून तर मी महिना झाला बंद करत न्हाई!"

सगळे उतरले. सगळ्यांनी गाडी ढकलली. गाडी उतारापर्यंत गेली, खोकली आणि गप्प झाली. मग पुढचा चढ ढकलून पुढच्या उतारापर्यंत न्यावी लागली. ढकलणाऱ्यांत तात्या होते. नवं धोतर नेसून कचेरीत निघाले होते. ते परत आले तेव्हा त्यांच्या धोतराचा रंग सांगता येत नव्हता.

"गहिन्या," ते धापा टाकत म्हणाले. "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा न्हाई. काहीही झालं तरी न्हाई."

"कवाच लावणार न्हाई," गहिनी म्हणाला. त्याला तात्यांची दया आली होती.

घरी कौतिकानं विचारलं, "आज काय शिकलात?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "हे तर माझी आईबी सांगायची." आणि ती निर्धास्त झोपली.

सकाळी गहिनीला कचऱ्याची ढकलगाडी मिळाली. गाडीवर दोन पिंपं, एक हिरवं, एक निळं. गहिनी घरोघर गेला. दारोदार कचऱ्याच्या बादल्या होत्या. तो प्रत्येक बादलीपुढं थांबला, बघितलं आणि पुढं गेला.

"आरं, घे की कचरा!" एक बाई म्हणाली.

"कुणाचा हाय?"

"माझा. आणखी कुणाचा?"

"मग मला हात लावता येत न्हाई."

सारा गाव फिरून तो परत आला. हिरव्या पिंपात कांद्याची थोडी टरफलं होती. ती त्याच्या स्वतःच्या घरची होती.

तात्यांनी कपाळाला हात लावला. "गहिन्या, दाराबाहेर आलं की ते कुणाचं राहत न्हाई! दाराबाहेर दिसंल ते उचलायचं. ओलं हिरव्या पिंपात. सुकं निळ्या पिंपात. यात न समजण्यासारखं काय हाय?"

यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. गहिनीलाही तसंच वाटलं.

पहिल्या दारात धुतलेली वाकळ पसरली होती. त्यानं पिळून बघितली. ओली होती. हिरव्या पिंपात गेली. दुसऱ्या दारात वाळत घातलेल्या मिरच्या. सुक्या. निळ्या पिंपात. तिसऱ्या दारात चपला होत्या. एक चप्पल उन्हात होती, एक मोरीच्या तोंडाशी. एक सुकी निघाली, एक ओली. त्या जोडीची ताटातूट झाली.

चौथ्या दारात मुंजाजीआबा ऊन खात बसले होते. आबा फार म्हातारे. गुडघे गेलेले. कित्येक वर्षांत ते त्या पायरीच्या पुढं गेले नव्हते. गहिनी त्यांच्यापुढं थांबला. आबा दाराबाहेर होते.

"आबा, तुम्ही वलं का सुकं?"

आबांनी जरा विचार केला. "आता काय, सुकंच की रं बाबा."

गहिनीनं त्यांना अलगद उचललं आणि निळ्या पिंपात मिरच्यांवर बसवलं. आबांना आधी काही कळलं नाही. मग गाडी चालायला लागली. आबांनी पिंपाच्या काठाला दोन्ही हात धरले आणि मान बाहेर काढली.

"ही शाळा का? मोठी झाली की! हे कुणाचं घर रं? माडी कवा बांधली? थांब, थांब, तो लिंब अजून हाय का बघू दे."

गहिनी थांबला. आबांनी लिंब बघितला. बराच वेळ बघितला. मग शिंकले, खाली मिरच्या होत्या म्हणून.

मागून सारं गाव ओरडत येत होतं. वाकळवाली, मिरच्यावाली, एक पाय अनवाणी असलेला माणूस आणि आबांची सून. ज्याचं त्याला मिळायला दुपार झाली. तात्यांचा आवाज बसला होता. ते कुजबुजल्यासारखं म्हणाले, "घरात विचारायचं. घरातल्या माणसानं हातानं दिलं तरच घ्यायचं. आता जा."

आबा मात्र दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पायरीवर येऊन बसले. धुतलेलं धोतर नेसून. डोक्याला फेटा बांधून.

असं करत करत समितीचा दिवस उद्यावर आला. तात्या गावातून एक फेरी मारायला निघाले. भर दुपारी खांबावरचे दिवे जळत होते. नळाखाली डबकं होतं. आणि जिकडं तिकडं पातळ पिशव्या. बाभळीवर पिशव्या, गटारात पिशव्या, एका म्हशीच्या शिंगावर एक.

तात्या ज्ञानोबाच्या किराणा दुकानात शिरले. "ज्ञानोबा, पिशव्या द्यायच्या न्हाईत असं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं की."

"मग?"

"तात्या, कापडी पिशवी घरी खुंटीला असती, आन माणूस दुकानात असतो. साखर काय वंजळीत देऊ? तुमीच बघा."

ज्ञानोबानं तात्यांच्या हाताकडं बघितलं. हातात पातळ पिशवीत गरम भजी होती. तात्यांनी हात पाठीमागं नेला.

"नियम सोपा हाय रं," तात्या हळू म्हणाले. "रोज रोज पाळायचा म्हणलं की जड जातो."

मग तात्यांनी युक्ती काढली. गावात नवी व्यायामशाळा बांधून तयार होती. आत एकही माणूस कधी व्यायामाला गेला नव्हता. तात्यांनी गहिनीला सांगितलं, "घरोघर जा. असंल नसंल तो कचरा मागून आण. सगळा व्यायामशाळेत कोंब आणि कुलूप लाव."

गहिनीनं घरोघर विचारलं. घरातल्या माणसांनी हातानं दिलं. त्या दिवशी गावानं हात आखडता घेतला नाही. देवळाच्या वर्गणीला मागच्या दारानं जाणारी माणसंसुद्धा पुढच्या दारात गोणी घेऊन उभी होती. दिवेलागणीपर्यंत व्यायामशाळा भरली.

दुसऱ्या दिवशी समितीची जीप आली. समितीत एक मॅडम होत्या आणि दोन साहेब. मॅडम बारीक होत्या. फार बोलत नव्हत्या आणि हसत अजिबात नव्हत्या.

गाव आरशासारखं लख्ख होतं. म्हशीची शिंगं धुतली होती. मॅडम पारापाशी थांबल्या आणि जमलेल्या लोकांना विचारू लागल्या.

"निघताना दिवा बंद करणं अवघड जातं का?"

"छ्या!" लोक म्हणाले.

"बाजाराला पिशवी नेणं?"

"त्यात काय अवघड? अंगवळणी पडलंय," ज्ञानोबा म्हणाला.

"पाणी जपून वापरणं?"

"आमी तर थेंब मोजतो, बाई," नळावरची म्हातारी म्हणाली.

कौतिका बायकांच्या मागं उभी होती. तिला हे काही ऐकू येत नव्हतं. ती फक्त गहिनीच्या हातांकडं बघत होती. हात खाली होते. तिनं मनात म्हटलं, अजून थोडा वेळ. एवढी जीप जाऊ दे.

समिती चहा प्यायली. निघायची वेळ झाली. आता त्या भागात रीत अशी, की पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ द्यायचा नाही. रानात जे आलं असेल ते थोडं त्याच्याबरोबर बांधून द्यायचं. त्याला वानवळा म्हणतात. डोंगरात सीताफळं पाडाला लागली होती. तात्यांनी गहिनीला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं.

"वानवळा भर गाडीत. एकट्याच्या घरचा नको. घरटी थोडं थोडं आलेलं पाहिजे. साऱ्या गावानं प्रेमानं दिलंय, असं दिसलं पाहिजे. पळ, जमा कर."

गहिनीनं विचार केला. "तात्या, तसं जमा हाय की."

"जमा हाय? कवा केलं?"

"कालच. घरटी. कुणीबी न्हाई म्हणलं न्हाई."

तात्यांनी त्याच्याकडं नवलानं बघितलं. सांगायच्या आधी काम झालं होतं. "शाबास! शाबास, गहिन्या! भर सगळं. मागं काही ठेवू नको."

ते शाबास कौतिकानं ऐकलं. तिनं डोळ्याला पदर लावला.

गहिनीनं गोण्या भरल्या. तोंडं सुतळीनं नीट बांधली. जीपमध्ये गोणीवर गोणी रचली. जीप मागून खाली बसली.

"अहो, इतकं कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"गावाचं प्रेम हाय, मॅडम," तात्या हात जोडून म्हणाले. "न्हाई म्हणू नका."

एका साहेबांनी नाक वर करून वास घेतला. "फळं जास्तच पिकलेली दिसतात."

"मग एक इथंच खाऊ," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वरच्या गोणीची सुतळी सोडली.

आतून आधी माश्या आल्या. मग पिशव्या आल्या. मग गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या, दुधाच्या पिशव्या आणि एक कुजलेलं वांगं. वांगं मॅडमच्या पायाशी येऊन थांबलं.



"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"वानवळा," गहिनी म्हणाला. "साऱ्या गावानं दिलाय. प्रेमानं."

तात्यांचा बसलेला आवाज एकदम परत आला. "गहिन्या! काढ! काढ ते खाली! ज्याचं त्याला देऊन टाक! आत्ताच्या आत्ता!"



गहिनीनं गोण्या उतरवल्या. दोन-तीन पारावर ओतल्या. ज्याचं त्याला द्यायचं होतं. त्यानं एक पिशवी उचलून वर धरली.

"ही कुणाची?"

पुढं उभी असलेली माणसं एक पाऊल मागं सरली.

"बरं. ही बाटली कुणाची? अर्धी भरलेली हाय."

भजनातला पेटीवाला देवळाच्या कळसाकडं बघू लागला.

"ह्या पुड्या? ह्या ताटल्या? आरं, काल तर साऱ्यांनी हातानं दिल्या! आज कशी वळख पटंना?"

मॅडम छातीशी हात बांधून उभ्या होत्या. गहिनीला फार वाईट वाटलं. तात्यांनी एवढं सोपं काम सांगितलं होतं आणि तेही होत नव्हतं. त्यानं मोठ्या गोणीत हात घातला आणि एक लांबलचक गुंडाळी बाहेर ओढली. सोडली, तशी ती वाऱ्यानं उलगडत गेली. जीपपासून देवळाच्या पायरीपर्यंत गेली.

प्लास्टिकचा फ्लेक्स होता. त्यावर शहादेवतात्या होते. जात्याएवढं तोंड. डोळ्यांवर काळा गॉगल. हात जोडलेले. वर लिहिलं होतं, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे बारीक बारीक फोटो होते. त्यात ज्ञानोबा होता, पेटीवाला होता, निम्मं गाव होतं.

"सापडलं!" गहिनी आनंदानं ओरडला. "हे तात्यांचं!"

दोन्ही साहेब जीपच्या मागं गेले. त्यांचे खांदे हलत होते. मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांना ओठ आत ओढून धरावे लागले.

"हा माणूस कोण आहे?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी घसा साफ केला. "हा... हा आपला असाच..."

"पंचायतीचा माणूस हाय, मॅडम," बायकांतून आवाज आला. कौतिका पुढं आली होती. तिनं पदर खोचला होता. "आजपासून कायम. तात्यांनी शब्द दिलाय, सांगितलेलं नीट केलं तर कायम. आता तात्या म्हणले, सगळं दे, मागं काही ठेवू नको. यांनी दिलं. तात्या म्हणले, ज्याचं त्याला दे. यांनी दिलं. काय चुकलं का, तात्या?"

मॅडमनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी फ्लेक्सवरच्या तात्यांकडं बघितलं. ते हात जोडून हसत होते.

"न्हाई," तात्या म्हणाले. "कायम हाय."

"छान," मॅडम म्हणाल्या. "असा माणूस दुसऱ्या गावात नाही बघितला."

बक्षीस दुसऱ्याच गावाला गेलं, हे सांगायला नको. पण ते नंतर कळलं. त्या वेळी गहिनीचं काम अजून उरलं होतं. त्यानं फ्लेक्सची गुंडाळी केली, खांद्यावर घेतली आणि तात्यांच्या घराची वाट धरली. थोडं चालून गेल्यावर थांबला. परत आला. गोणीत वाकून बघितलं.

"तात्या," तो म्हणाला, "आत लई फ्लेक्स हायत. साऱ्यांवर तुमचंच तोंड हाय. माझ्या गाडीत मावायचे न्हाईत. मॅडमची जीप घेऊ का?"